सहा डबे चकल्या

“खरं मत सांगा हं,” असं बजावत मी इमारतीतल्या सहा घरी चकल्यांचे डबे दिले. प्रयोगशाळेतली नोकरी सुटल्यावर घरबसल्या करायला मी हाच व्यवसाय निवडला होता. भाजणी ग्रॅमवर मोजली होती, तेलाचं तापमान थर्मामीटरने.

“छानच झाल्यात हो!” सगळ्या म्हणाल्या.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्या दिवशी सहाही डबे भरून आले. सहाही डब्यांत चकल्याच होत्या.

नवऱ्याने देवस्थळीकाकूंच्या डब्यातली एक मोडली. “आज जमली बघ तुला! कालच्या चकलीने माझी दाढ हलली होती.”

मी काकूंना फोन लावला. “काकू, चकल्या तुम्ही कराल? विकायचं मी बघते.”

“अगं, आनंदाने करीन,” काकू म्हणाल्या. “फक्त तळताना तू स्वयंपाकघरात येऊ नकोस.”