नाव घातलेली भांडी

"नाव काय घालू, आजी?" गुंडा भांडीवाल्यानं यंत्राची सुई पातेल्याच्या काठावर टेकवत विचारलं.

मनुबाईनं मागच्या रांगेकडं वळून बघितलं. आष्ट्याचा बाजार भर दुपारी तुंबला होता. सत्त्याहत्तर सालात ज्याला त्याला स्टीलचं वेड लागलं होतं. बायका पितळ मोडून चकचकीत ताटं घेत, आणि गुंडाच्या विजेच्या यंत्रावर नाव घालून घ्यायला रांग लावत. मनुबाईपुढं एक पातेलं, एक ताट, एक तांब्या होता. त्यांच्यापायी तिच्या माहेरच्या बुगड्या सकाळीच सोनाराकडं गेल्या होत्या. कान भुंडे दिसत होते.

काल घरात वाटणी झाली. थोरली सून विजयमाला शिकलेली. एकेक भांडं उजेडात धरून ती नाव वाचायची आणि ज्याचं नाव त्याच्या ढिगात ते भांडं जायचं. घागर मनुबाईच्या सासऱ्यांची. परात तिच्या मयत नवऱ्याची, म्हणून ती थोरल्या लेकाला. ताटं धाकट्याच्या लग्नातली. ती सगळी अक्षरं मनुबाईनं उभा जन्म राखेनं घासली होती. इतकी, की काही आता वाचताही येत नव्हती. तिच्या नावाचं एकही भांडं निघालं नाही. भांडी संपल्यावर आणि म्हैस वाटणीला सोडायच्या आधी थोरला सयाजी धाकट्याला म्हणाला, "आई एक म्हयना माज्याकडं, एक म्हयना तुज्याकडं." धाकट्यानं मान हलवली. तिला कुणी विचारलं नाही.

सकाळी तिनं लुगड्यांचं गाठोडं मळ्यातल्या खोपीत नेऊन ठेवलं आणि आष्ट्याची वाट धरली.

"आजी, मागं लोक खोळंबल्यात."

तेवढ्यात सयाजी आला. सायकल तशीच टाकून, घामाघूम.

"आये, काय मांडलंयस हे? दोन पोरं असताना खोपीत चूल घालनार तू? लोक तोंडात शेण घालतील आमच्या!"

"घालू दे. आजवर तुमच्या नावाची भांडी घासली. आता माजी घासीन."

रांगेतल्या बायका कान देऊन ऐकत होत्या. एक तर खुदकन हसली. सयाजीनं आवाज उतरवला आणि गुंडाकडं वळला.

"घाल गड्या, आमच्या आबांचं नाव घाल. नाथाजी. म्हंजी हिच्या मागं आमा भावांत वाद नगो."

नवऱ्याचं नाव ऐकताच मनुबाईनं पातेल्यावर पंजा ठेवला. तिच्या मागची वाटणीही आजच ठरत होती. आणि मनुबाई हे नाव तरी तिचं कुठं होतं? तेही त्याच घरचं, लग्नात सासूनं बदलून ठेवलेलं. माहेरच्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून गेली. शेवटचा भाऊ गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली.

"रंगू घाल," ती म्हणाली.

"रंगू... फुडं?"

"फुडं काय न्हाई."

यंत्र घरघरलं. काठावर पांढरी अक्षरं उमटली. सयाजी त्यांच्याकडं बघतच राहिला.

"ही रंगू कोन, आये?"

रंगूनं पातेलं उचलून काखेत मारलं.

"तुमच्या वाटणीत आली न्हाई ती."