लेकीचं भांडण

चर्चच्या शेवटच्या बाकावर एस्तेर पदराआड छाती दाबून बसली होती. बाळ पोटातच गेलं होतं, पण दूध काही आटत नव्हतं.

“देवाची नावडतीच गं तू,” सासू सकाळी म्हणाली होती. एस्तेरला ते पटलंही होतं.

पाळकांच्या वृद्ध पत्नी राहेलबाई शेजारी येऊन बसल्या. तिचा हात हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले. “बापा, तुझी लाडकी लेक आली आहे.”

“लाडकी म्हणू नका!” एस्तेरनं हात ओढून घेतला. “लाडकीचं बाळ कोणी असं नेतं?” तिची नजर समोरच्या क्रूसावर गेली. “माझ्या कुशीत एकदा तरी रडू द्यायचं होतंस त्याला! नुसता बघत बसलास!”

आवाज रिकाम्या चर्चमध्ये घुमला. आपण थेट देवालाच बोललो, हे ध्यानात येताच ती घाबरली.

“थांबू नकोस,” राहेलबाई हळूच म्हणाल्या. “परक्यावर कोणी एवढं रागावत नाही, पोरी.”

मग एस्तेर रडली, बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच. उत्तर काही आलं नाही. छाती तशीच ठणकत होती. रडून थकल्यावर मात्र ती घरी जायला उठली नाही; माहेरी आल्यासारखी, पाय पोटाशी घेऊन तिथेच बाकावर आडवी झाली.