दोन वाट्या मिरपूड

"डोळे मिटा, अत्ते," तुंगा म्हणाली आणि तिनं दोन वाट्या सासूपुढे धरल्या.

गोदाबाई हसल्या. मिरपुडीची पारख डोळ्यांनी करायची नसते, हे त्यांनीच सुनेला शिकवलं होतं. तिकडे कृष्णराजनगरात कुणी मिरी कुटली की इकडे म्हैसूरच्या कुवेंपुनगरात गोदाबाई शिंकतात, असं सगळी गल्ली सांगायची. आणि ती गल्ली निम्म्याहून जास्त खोटं कधी बोलत नसे.

आज त्यांच्या नवऱ्याचं, हयग्रीवरायांचं, श्राद्ध. श्राद्धाच्या सारात मिरची चालत नाही. तिखटपणा सगळा मिऱ्यांचा. वर ब्राह्मण जेवून उठेपर्यंत कशाची चव घ्यायची नाही. हात आणि नाक, एवढ्या भांडवलावर हे जेवण गोदाबाई दरवर्षी एकट्यानं रांधत आल्या होत्या.

एका वाटीत तुंगानं सकाळीच अख्खी मिरी कुटून, चाळून ठेवली होती. दुसरीत दुकानची पूड, उगादीच्या पाडव्यापासून डब्यात पडून राहिलेली.

गोदाबाईंनी पहिली वाटी हुंगली. नाकात झोंबलं. दुसरी हुंगली. तितकंच झोंबलं. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. कपाळावर घाम आला.

"सांगा की, अत्ते. आचार्य येऊन बसलेत."

"थांब गं! मिऱ्यांना काय हुणसूरची बस धरायचीय?" त्यांनी चाचपडत एका वाटीवर बोट ठेवलं. "ही ताजी. त्या दुसरीत काही राम नाही. कुटून ठेवली की मिऱ्यांचा जीव जातो, नुसता राग उरतो."

बोट दुकानच्या पुडीवर होतं.

तुंगानं ताज्या मिऱ्यांची वाटी उचलली आणि सारात उपडी केली. तोवर गोदाबाईंनी डोळे उघडले होते.

त्यांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं.

"कधी कळलं तुला?"

"परवा दूध करपलं तेव्हा. तुम्ही शेगडीपाशीच अवरेकाईच्या शेंगा सोलत बसला होता. शेजारची अंबुजा धावत आली, तुम्ही हललासुद्धा नाही." तुंगानं आवाज खाली आणला. "त्या तापापासून वास येईनासा झाला ना?"

गोदाबाईंनी होकारार्थी मान हलवली. "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. व्यंकोबाला मठात श्राद्ध करायला निमित्तच हवंय. यांना परक्या हातचं जेवायला लावील तो."

"आणि आज पायस करपलं तर? कोण सांगणार तुम्हाला?"

गोदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"अम्मा!" बाहेरच्या खोलीतून व्यंकोबाची हाक आली. "काय वास सुटलाय! आचार्य म्हणतात, हे नाक म्हैसूरच्या म्युझियममध्ये ठेवायला हवं."

बाहेर सगळे हसले. गोदाबाईही हसल्या, ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग सुनेकडे वळल्या.

"तुंगा, वास कसा येतोय गं? मला सांग."

तुंगा सारापाशी उभी राहिली. माहेर कानडी, तिची मराठी बाजारापुरती आणि भांडणापुरती. ती शब्द शोधत राहिली.

"घम्म येतोय, अत्ते."

"तेवढंच?" गोदाबाईंनी विचारलं. "नीट सांग, आता तुझ्याच नाकानं रांधायचंय मला."