घंटीची दोरी

राजपालनं शहरातून एक नवाच खेळ कमलनगरला आणला: दोस्तांनी सैनिकांची सोंगं घ्यायची आणि शत्रूचा किल्ला जिंकायचा. सापळा म्हणून त्यानं शेतात गवताआड दोरी ताणली आणि तिला बैलाची घंटी बांधली. ज्याच्या पायानं घंटी वाजली तो मेला. खेळ संपेपर्यंत त्यानं पडून राहायचं, त्याला कुणी हाक मारायची नाही.

रविवारी त्यात एकही सैनिक अडकला नाही. अडकली ती भाकऱ्या घेऊन आलेली राजपालची आई, सुभद्राबाई.

"माय, तू मेलीस. आता दिवस मावळेस्तोवर उठायचं न्हाई."

सुभद्राबाई टोपली ठेवून लिंबाखाली आडवी झाली, ती घोरायलाच लागली. थोड्या वेळानं राजपालचे वडील, ज्ञानोबा, आले.

"अगं, कामून पडलीस? च्या कोण करायचं?"

"अप्पा, ती मेलीय. हाक मारायची न्हाई, नियम हाय."

ज्ञानोबा घरी जाऊन साखरेचा डबा शोधू लागले.

पुढच्या रविवारी सैनिक यायच्या आधीच दोरीपाशी गल्लीतल्या अकरा बाया जमल्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढं उभी राहून सुभद्राबाई ओरडत होती,

"ढकलू नका गं, एकेकीनं मरा!"