कट् वाजलं की बसली

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मिस्त्री घरी बायकोची शाल शोधत होते. शाल सापडली होती. आता ती लागणार नव्हती. तरी ती खांद्यावर टाकून ते निघाले. कोपऱ्यातला कॉम्प्युटर चालूच राहिला.

त्याच सकाळी, दवाखान्यात न्यायच्या आधी, बायको त्याच्यापुढे बसून कुरकुरत होती. "अहो मिस्त्री, यात काही राम उरला नाही. याचा विचार होईपर्यंत माझी भाजी शिजते. रॅम तरी वाढवा."

तिने सांगितलेलं ते शेवटचं काम.

माणसांची ये-जा थांबल्यावर मिस्त्रींनी ठरवलं, रॅम घालायची, आणि आपल्याच हाताने. मुलगी म्हणाली, कुणाला तरी बोलावू, दहा मिनिटांचं काम. त्यांनी ऐकलं नाही. जन्मभर लाकडाचे सांधे जुळवलेल्या माणसाला एक पट्टी खाचेत बसवता येऊ नये?

दुकानदाराने पट्टी दिली आणि सरावाला एक मोडका कॉम्प्युटर उघडून दिला. आधी वीज बंद, पडद्यावर उघडं असेल ते सगळं जाईल, हे त्याने बजावून सांगितलं. मग टोकाच्या खिट्ट्या उघडायच्या, खाच जुळवायची, अंगठ्यांनी दाबायचं. कट् वाजलं की बसली. मिस्त्री रोज जाऊ लागले. दुकानदार चेष्टेने म्हणाला, उद्यापासून गल्ल्यावरही तुम्हीच बसा.

घरी त्यांनी कॉम्प्युटरला मोठी बॅटरी जोडली, वीज गेली तरी अडायला नको म्हणून. बटणावर कुणाचा हात पडू नये म्हणून लाकडी झाकण ठोकलं. पडद्यावर शाल पांघरली. तयारी जोरात आहे, असं मुलीला वाटलं.

रविवारी ती आली.

"बाबा, बसवली का रॅम?"

"हात बसलाय आता."

"आणि रॅम?"

मिस्त्री खिशातली पट्टी चाचपत राहिले. मुलीने शाल उचलली. धूळ पुसताना माऊस हलला आणि पडदा उजळला.

बुद्धिबळाचा पट होता. आईची पांढरी सोंगटी पुढे गेलेली होती. आई गेल्यावर केव्हातरी कॉम्प्युटरचा विचार पूर्ण झाला होता, त्याने काळा घोडा हलवला होता. खाली लिहिलं होतं, 'तुमची खेळी'.

मुलीचा हात माऊसवरच होता. मिस्त्रींनी तो हळूच उचलून बाजूला ठेवला.

"खेळी तिची आहे," ते म्हणाले.

रॅम घालायची राहिली आहे.