कापलेला तुकडा

“इथे काहीतरी कापलंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी व्हिडिओ थांबवला.

शेजारच्या खुर्चीतली आई पर्सचा बंद पिळत राहिली. एरवी बाई खमकी. मुलाच्या आजारपणात शेजारी, नातेवाईक, सगळ्यांना पुरून उरलेली. आता मात्र तिची नजर पर्सवरून हलेना. मुलगा बत्तीस वर्षांचा, बाहेर बाकावर बसला होता. स्किझोफ्रेनिया होऊन त्याला बारा वर्षं झाली होती. अशा रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन काढायचे आणि ती माणसं लहानपणी कशी वागत, ते घरच्या जुन्या व्हिडिओंत बघायचं, हे डॉक्टरबाईंचं काम.

“भाच्याकडून मीच कापून घेतलं,” आई शेवटी म्हणाली. “चांगलं तेवढं ठेवलं.” तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. “ह्यात सगळं आहे. मी फार वाईट दिसते त्यात.”

‘कॅसेटच खराब झाली होती’ म्हणाली असती तर सहज निभावलं असतं. पण नाही! स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने द्यायला छाती लागते, आणि ती ह्या बाईला होती.

पडद्यावर पाहुणे जेवायला बसलेले. चार वर्षांचा मुलगा दुधाचा पेला उचलतो. पेला पडतो, दूध पाहुण्यांच्या अंगावर. आईचा हात उठतो आणि फाडकन त्याच्या गालावर बसतो. पोर रडत नाही, नुसतं बघत राहतं.

“त्यानेच झालं ना हे सगळं?” आईने विचारलं. अठ्ठावीस वर्षं तिने हे कुणालाच विचारलं नव्हतं.

“छे हो! थपडेने हा आजार होत नाही.” डॉक्टरबाईंनी व्हिडिओ मागे नेला. “तुमचा हात उठायच्या आधीचं बघा. त्याची बोटं पेल्याभोवती मिटतच नाहीयेत. आता स्कॅनमध्ये मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसतात. दोन्हींचा संबंध असावा, असं आम्हाला वाटतं. छातीठोक नाही सांगत, अशी पुष्कळ मुलं पुढे ठणठणीत राहतात. पण ही मस्ती नव्हती.”

आईने तो पेला आणखी तीनदा पडताना पाहिला. मग डोळे पुसले आणि तडक बाहेर गेली.

“लहानपणी दूध सांडलं म्हणून मी तुला मारलं होतं. पाहुण्यांसमोर. तू मुद्दाम नव्हतं सांडलंस रे. चुकलं माझं.”

मुलाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“मी तेव्हाच सांगितलं होतं की तुला,” तो म्हणाला, आणि बाकावर सरकून त्याने तिला जागा करून दिली.