पोफळीवरचं औषध

धर्माजी वाडीच्या बेड्याबाहेर, आडव्या बांबूंच्या फाटकापाशी उभा होता. हातात सुपारीच्या झावळीची द्रोणासारखी विरी, आणि विरीत फडक्याखाली काहीतरी झाकलेलं.

“पंत, जरा येऊन बगा!” त्याने हाक दिली. “मी आत न्हाय येत. तुमीच या.”

नीराने बैलाला थांबवलं नाही. रहाट थांबला की पाणी थांबायचं, पाणी थांबलं की औषधाचं पिंप रिकामं पडायचं. वर पोफळीच्या शेंड्याशी तिचा नवरा हिरामण बसला होता आणि पितळी नळीने सुपारीच्या घडांवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी मारत होता. खाली दोघे गडी पंप दाबत होते. निम्मा फवारा घडांवर बसायचा, निम्मा धुकं होऊन खाली उतरायचा. विहिरीवर, बैलावर, दोन पोफळींमध्ये बांधलेल्या झोळीवर.

झोळीत पाच महिन्यांचा कान्हा होता. सकाळपासून खोकत होता. मांजराच्या पिल्लाने शिंकावं तसा, एवढासा खोकला. दर फेरीला झोळीपाशी आली की नीरा चालता चालता त्याचं नाक पुसायची. पदराचं टोक निळं झालं होतं.

वाडीचे मालक दत्तोपंत धोतराचा सोगा सावरत बेड्यापाशी गेले.

“काय रे, कातडं सोलायचं सोडून इकडे कुठे?”

कालच बांड्या मेला होता. चार वर्षं हाच रहाट ओढलेला बैल. गावातली मेलेली जनावरं धर्माजी सोलायचा, आणि उजाडताच त्याने बांड्याला किनाऱ्याकडे ओढून नेलं होतं.

“कातडं सोललं. मग ह्ये दिसलं.” धर्माजीने फडकं काढलं.

फेरी घेऊन नीराचं तोंड तिकडे झालं तेव्हा तिनेही पाहिलं. बांड्याचं फुप्फुस. आक्रसलेलं, राखाडी, आणि त्याच्यावर जागोजाग निळेहिरवे डाग, तांब्याच्या भांड्याला कळक चढतो तसे.

“म्हातारा झाला होता तो,” पंत म्हणाले.

“म्हातारी जनावरं काय कमी सोललीत मी? फुप्फुस मऊ असतंय, पंत. दाबलं तर परत फुगतंय. ह्ये दाबा.”

पंतांनी हात मागे घेतला. “चाऱ्यातून काही गेलं असेल पोटात.”

“पोट उघडून बगितलं. साफ हाय. जे ग्येलं ते नाकातनं ग्येलं.”

“आणि बैलही आळशीच होता. सारखा फेरीत थांबायचा.”

“मेलेलं जनावर आळस करत न्हाय,” धर्माजी म्हणाला.

एक गडी फसकन हसला आणि पंतांनी बघताच पंप दाबायला लागला. वरून निळं धुकं परत उतरलं. रहाटाला जुंपलेला लाल्या बैल खोकला. चालता चालता त्याने मान खाली घातली आणि दोन पावलं नुसती फरफटली.

पंत परत आले ते सरळ लाल्यापाशी. त्याच्या बरगडीवर त्यांनी तळहात ठेवला. बरगडी लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. पंतांचा चेहरा उतरला.

“हा किती दिवस आहे या रहाटाला?”

“दोन वर्सं, बांड्याशी पाळीपाळीनं,” नीरा म्हणाली.

“सोड त्याला. आत्ताच्या आत्ता सोड. समुद्राकडच्या नारळीच्या वाडीत बांध, वाऱ्यावर. औषध मारून होईस्तोवर इकडे फिरकू द्यायचा नाही. असा बैल दुसरा मिळायचा नाही मला.”

“आन् रहाट?”

“दोन दिवस तुम्हीच ढकला गड्यांबरोबर. त्याला काय होतंय?”

नीरा झोळीकडे बघत राहिली. “आन् कान्हा?”

“झोळीवर फडकं टाक की.”

“बांड्याला चार वर्सं लागली, पंत. ह्यो केवढासा हाय.”

“बैल बांध आणि लगेच ये,” पंत म्हणाले. “पिंप रिकामं होतंय.”

तिने लाल्याच्या मानेवरचं जू उतरवलं. मग झोळीपाशी गेली. ओल्याने गाठी आवळल्या होत्या, बोटांनी सुटेनात. तिने दातांनी सोडवल्या. जिभेवर कडूजहर चव आली, ती थुंकली. कान्हाच्या पापण्यांवर बारीक निळे ठिपके बसले होते. ते तिने फुंकर घालून उडवले, त्याला छातीशी बांधलं आणि दुसऱ्या हाताने लाल्याचं दावं धरलं.

“पोराला कुठे नेतेस?”

“लाल्या जिथं जाईल तिथं.”

“आणि पाणी कोण काढणार? नीरे! तुझ्याशी बोलतोय मी!”

धर्माजीने विरी खाली ठेवली आणि कोणी न सांगता बेड्याचे बांबू एकेक करून ओढले. वाट मोकळी झाली. लाल्या बाहेर पडला. नीरा मात्र बेड्यातच थांबली.

आजवर तिने मालकांसमोर नवऱ्याला कधी हाक मारली नव्हती.

“अवो!” ती वर बघून ओरडली. “उतरा खाली!”

पंपाचा आवाज बंद पडला. शेंड्याशी झावळ्या हलल्या, आणि हिरामण उतरायला लागला. लग्न झालं तेव्हा हा माणूस एका दमात पाच पोफळी चढून उतरायचा. आज अर्ध्यावर थांबला. बुंध्याला मिठी मारून, कपाळ टेकून, तोंड उघडं टाकून श्वास घेत राहिला.

सगळे वर बघत होते. पंतही.